लाल यादीत सगळ्यात वर काय असावं?

गणपती आटोपून आम्ही कोकणातून परतलो, तो दिवस सप्टेंबरची सात तारीख. पिशव्या रिकाम्या केल्या, दिवा लावला आणि फोनवरचं कामांचं ॲप उघडलं. तेरा दिवसांत त्याच्याकडे पाहिलंही नव्हतं. समोर ४१ लाल ओळी. सगळ्यात वर ‘पाण्याची टाकी धुऊन घेणे, १९ दिवस उशीर’. त्याखाली सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, रोजची एक अशी तेरा वेळा. त्यांनी ती गावी रोज घेतलेली होती, फक्त ॲपमध्ये खूण केली नव्हती. मग कुंड्यांना पाणी, सहा वेळा. हे सगळं संपल्यावर, बोटाने दोनदा खाली सरकवल्यावर, ‘आज’ या मथळ्याखाली दोन कामं दिसली. सोसायटीने कंत्राटदाराच्या बिलातून कापलेला टीडीएस भरायचा होता आणि गाडीचा विमा नव्याने काढायचा होता. दोन्हींची मुदत त्याच रात्री संपत होती.

मी आमच्या सोसायटीची सचिव आहे, म्हणून घरच्या आणि सोसायटीच्या अशा दोन्हीकडच्या तारखा माझ्या एकाच यादीत असतात. त्या रात्री दोन्ही कामं झाली, पण ती ॲपने समोर आणली म्हणून नव्हे. सात तारीख डोक्यात होती, म्हणून. तेव्हापासून एकच प्रश्न मी धरून बसले आहे. पुन्हा पुन्हा येणारी कामं थकली, की त्यांची रांग कुठल्या नियमाने लावावी? बहुतेक ॲप्सचा नियम सोपा असतो: मुदत उलटून जितके जास्त दिवस, तितकी ओळ वर. हा नियम चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. तो का चुकतो आणि त्याऐवजी काय करावं, हे ॲप वापरणाऱ्यांसाठी आणि ॲप बनवणाऱ्यांसाठीही लिहिते आहे.

एकदाच करायचं काम थकलं, तर ते फक्त थकलेलं असतं. आवर्ती काम थकतं तेव्हा त्याचं पुढे काय होतं, हे कामाच्या जातीवर ठरतं. माझ्या अनुभवात अशा तीन जाती आहेत.

काही कामं साचतात. पोस्टातली आवर्ती ठेव घ्या. जुलैचा हप्ता राहिला आणि ऑगस्टचाही राहिला, तर दोन हप्ते देणं आहे, आणि दर शंभर रुपयांमागे महिन्याला एक रुपया दंड आहे. सलग चार हप्ते चुकले की खातं बंद पडतं आणि ते पुन्हा चालू करायला दोन महिने मिळतात. इथे ‘हप्ता भरणे, ९५ दिवस उशीर’ अशी एकच ओळ दाखवणारं ॲप तुमची दिशाभूल करतं. किती हप्ते राहिले आणि चौथा किती दूर आहे, हे दिसायला हवं. जीएसटीचं मासिक विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, याच जातीचं. मागच्या महिन्याचं भरल्याशिवाय पुढच्या महिन्याचं भरता येत नाही. अशा कामांत सगळ्यात जुनं आधी हा नियम बरोबर आहे, कारण तिथे खरोखरच दुसरा मार्ग नसतो.

काही कामं विरून जातात. काल सकाळचा फेरफटका आज करता येत नाही. आजचा तेवढा करता येतो. औषधाच्या गोळीच्या बाबतीत तर हा जिवाशी संबंधित प्रश्न आहे. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दुप्पट गोळ्या घ्यायच्या नाहीत, डॉक्टरांना विचारायचं, ही सर्वसाधारण सूचना सगळ्यांना माहीत असते. पण एखाद्या थकलेल्या, गोंधळलेल्या वृद्ध माणसासमोर फोनने ‘गोळी घेणे’ अशा चार लाल ओळी मांडल्या तर तो काय समजेल? विरणाऱ्या कामाची कालची ओळ मध्यरात्रीनंतर लाल यादीतून निघून गेली पाहिजे. ती इतिहासात नोंदवावी, कारण महिन्यात किती वेळा गोळी चुकली हे डॉक्टरांना सांगायला उपयोगी पडतं. करायच्या कामांत मात्र तिला जागा नाही.

तिसरी जात सरकणाऱ्या कामांची. कुंड्यांना पाणी सहा वेळा राहिलं, तरी घालायचं एकदाच, आणि पुढची पाळी आज पाणी घातल्यापासून मोजायची. केस कापणं, पाण्याच्या फिल्टरची कँडल बदलणं, गाडीचं सर्व्हिसिंग, सगळं यातलं. बाळाच्या लशीही याच वळणाच्या. राष्ट्रीय वेळापत्रकात पेंटाव्हॅलेंटचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांना असतात. दुसरा डोस उशिरा झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, पण तिसरा डोस दुसऱ्यानंतर किमान चार आठवड्यांनीच देता येतो. म्हणजे दुसरा सरकला की तिसराही सरकतो. मूळ तारखेला चिकटून बसलेलं सॉफ्टवेअर इथे चुकीच्या दिवशी घंटा वाजवेल.

ही जात कामाच्या नावावरून किंवा अंतरावरून ओळखू येत नाही, हे सांगायला माझ्याकडे एक जोडी आहे. आमच्या सोसायटीत दोन सहामाही कामं आहेत. एक टाकी धुण्याचं. दुसरं अग्निसुरक्षेच्या यंत्रणेचं: महाराष्ट्राच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावं लागतं. टाकी १९ फेब्रुवारीला धुवायची होती आणि प्रत्यक्षात २० मे रोजी धुतली, तर पुढची पाळी नोव्हेंबरच्या २० तारखेच्या सुमारास यायला हवी. तारखेला बांधलेलं ॲप १९ ऑगस्टलाच ओळ लाल करतं. माझ्या यादीत सगळ्यात वर बसलेली ती टाकी अशीच होती. ती खरी थकलेलीच नव्हती. उलट जानेवारीचं प्रमाणपत्र फेब्रुवारीच्या अखेरीस दिलं म्हणून पुढचं ऑगस्टअखेर द्यायचं, असं होत नाही. जुलै म्हणजे जुलै.

ॲपमध्ये ही निवड करायची सोय अनेकदा असते, पण ती कुणी सांगत नाही. टूडूइस्टमध्ये इंग्रजी ‘एव्हरी’ हा शब्द लिहिला की काम ठरल्या तारखांना येतं, आणि त्याच शब्दाला जोडून उद्गारचिन्ह दिलं की पूर्ण केल्या दिवसापासून मोजतं. रिमेंबर द मिल्कमध्ये ‘एव्हरी’ आणि ‘आफ्टर’ असे दोन वेगळे शब्दच आहेत. ऑर्ग-मोड ही कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेली मुक्त प्रणाली. तिच्यात तीन खुणा आहेत आणि मॅन्युअलमधली त्यांची उदाहरणं मला फार आवडतात. घरभाडं: एक अधिक चिन्ह, म्हणजे काम एकेका महिन्यानेच पुढे सरकतं, मधला महिना गाळला जात नाही. वडिलांना दर रविवारी फोन: दोन अधिक चिन्हं, म्हणजे कितीही आठवडे चुकले तरी थेट पुढच्या रविवारवर उडी, वार मात्र तोच. धुराच्या अलार्मची बॅटरी तपासणं: टिंब आणि अधिक, म्हणजे आजपासून महिना. तुमच्या ॲपमध्ये अशी सोय आहे का, एकदा सेटिंग्जमध्ये शोधा. नसेल तर सरकणारी कामं त्यात आवर्ती म्हणून टाकूच नका. काम झालं की पुढची तारीख हाताने घाला. यातला वेळ फुकट जात नाही.

आता रांगेकडे. सरकणाऱ्या कामांत कोण वर, कोण खाली, हे ठरवायला उशिराचे नुसते दिवस मोजणं पुरत नाही, ते दिवस कामाच्या अंतराशी ताडून पाहायला लागतात. कुंड्यांना दर दोन दिवसांनी पाणी लागतं आणि चार दिवस उशीर झाला आहे: चार भागिले दोन, म्हणजे दोन पूर्ण फेऱ्या चुकल्या. टाकी दर १८० दिवसांनी धुवायची आणि नऊ दिवस उशीर: नऊ भागिले १८०, म्हणजे एका फेरीचा विसावा भाग. दिवस मोजणारं ॲप टाकीला वर नेतं. पण नऊ दिवसांनी टाकीचं फारसं काही बिघडत नाही आणि चार दिवसांत तुळस माना टाकते. हीच कल्पना अंकी या पाठांतराच्या ॲपमध्ये वापरलेली आहे. तिथे राहून गेलेल्या कार्डांची रांग अंतराच्या तुलनेत झालेल्या उशिराप्रमाणे लावायचा पर्याय आहे, कारण दोन दिवसांनी आठवायचा शब्द चार दिवस राहिला तर विसरलेला असतो, आणि वर्षाने आठवायचा शब्द चार दिवसांनी विसरत नाही. विद्यार्थ्यांच्या ॲपला जमलेलं हे गणित घरकामाच्या ॲपला अवघड जाऊ नये. माझी शिफारस अशी की हा भागाकार ओळीवर दिसावाही. ‘चार दिवस उशीर’ ऐवजी ‘दोन फेऱ्या चुकल्या’ असं वाचलं की माणूस उठतो.

मात्र हा भागाकार मुदतीच्या कामांना लावला तर घात होतो. गाडीचा विमा वर्षाचा. एक दिवस उशीर म्हणजे एक भागिले ३६५, जवळजवळ शून्य. आणि तरीही रात्री बाराचा ठोका पडला की विम्याचं संरक्षण संपतं. सकाळी त्या गाडीला अपघात झाला तर पाठीशी कुणी नाही. म्हणून प्रत्येक मुदतीच्या कामासाठी सॉफ्टवेअरला आणखी एक गोष्ट कळली पाहिजे: उशिराचा खर्च कसा वाढतो.

कुठे तो कड्यासारखा असतो. विम्याचा पहिला कडा मुदतीच्या मध्यरात्री, आणि दुसरा ९० दिवसांनी. तोवर नूतनीकरण केलं नाही तर नो क्लेम बोनस जातो. म्हणजे पहिला कडा चुकला तर काम ‘थकलेलं’ या ढिगात टाकून मोकळं व्हायचं नाही. दुसरा कडा कुठे आहे ते दाखवत राहायचं. आयुर्विम्याच्या हप्त्याला कडा सवलतीच्या मुदतीअखेर असतो: वार्षिक, सहामाही, तिमाही हप्त्याला ३० दिवस, मासिक हप्त्याला १५. तिथे मुदत उलटलेल्या दिवशी लाल रंग दाखवणं मला अकारण घाबरवणारं वाटतं. पिवळा चालेल. लाल शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवावा.

कुठे खर्च पायऱ्यांनी वाढतो. टीडीएस पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत भरायचा असतो (मार्चचा ३० एप्रिलपर्यंत). कापलेली रक्कम भरायला उशीर झाला तर महिन्याला दीड टक्का व्याज, आणि महिन्याचा एखादा दिवस धरला तरी तो पूर्ण महिना. म्हणजे सात तारखेला ते काम यादीत सगळ्यात वर हवं. आठ तारीख उजाडली की मोठं नुकसान होऊन गेलेलं असतं आणि पुढची पायरी काही काळाने येते. त्या दिवशी घरात कुणाची रक्ततपासणी ठरली असेल, तर ती आधी आणि टीडीएस दुपारी. दिवस मोजणारं ॲप नेमकं उलट करतं: सात तारखेला ते काम ‘आज’मध्ये खाली दडपतं आणि आठपासून रोज वर वर ढकलतं.

आणि कुठे खर्च रोज सारखा चढतो. जीएसटीआर-३बीचं विलंब शुल्क दिवसाला ५० रुपये, काहीच व्यवहार नसेल तर २०, आणि त्याला वरची मर्यादा आहे. अशी चढणारी कामं एकाहून अधिक असली तर कोणतं आधी, याचं उत्तर वेळापत्रकाच्या गणितात स्मिथ यांनी १९५६ मध्येच दिलेलं आहे: रोजच्या नुकसानीला लागणाऱ्या वेळाने भागा, ज्याचा आकडा मोठा ते आधी. विवरणपत्राला दोन तास लागणार असतील आणि कराच्या रकमेवरचं व्याज बाजूला ठेवलं, तर तासाला २५ रुपये. वाचनालयाचं पुस्तक परत करायला दहा मिनिटं आणि दंड रोज पाच रुपये धरला, तर तासाला ३०. पुस्तक आधी. आपली आजी हे गणित न मांडता करत असे, ‘आधी चटकन होणारं उरकून घे’ म्हणत. पण सॉफ्टवेअरला ते मांडूनच द्यावं लागतं, म्हणून प्रत्येक कामाला अंदाजे मिनिटं लिहायची जागा हवी.

काही मुदती तर दिसतात त्याहून आधी येतात. सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, पण तिची सूचना सभासदांना १४ पूर्ण दिवस आधी द्यायची असते. सभा ३० तारखेलाच घ्यायची ठरवली तरी सूचना १५ सप्टेंबरच्या आत निघाली पाहिजे. ॲपमध्ये फक्त ‘सभा, ३० सप्टेंबर’ असेल तर ते सोळा तारखेलाही निवांत हिरवं दिसेल. अशा कामाला दोन ओळी द्या आणि दुसरी पहिलीवरून उलटी मोजा.

आता सगळ्यात नाजूक भाग. यादी थकलेली आहे याचा अर्थच असा, की हाताशी वेळापेक्षा कामं जास्त आहेत. जी मुदत आधी ते काम आधी, हा नियम आपल्याला इतका स्वाभाविक वाटतो की त्यावर शंका येत नाही. लिऊ आणि लेलँड यांनी १९७३ मध्ये संगणकाच्या वेळापत्रकाबद्दल दाखवून दिलं की एकाच प्रोसेसरवर, एकूण भार शंभर टक्क्यांच्या आत असेपर्यंत, हा नियम एकही मुदत चुकू देत नाही. पण भार त्याच्या वर गेला की तोच नियम कोलमडतो: एक काम उशिरा होतं, त्याच्यामुळे दुसरं, दुसऱ्यामुळे तिसरं. आधीच बुडालेल्या कामात वेळ घालवताना वाचवता येण्यासारखं कामही बुडतं.

सकाळी नऊला बसलात असं समजा. एक तासाचं एक काम ११ पर्यंत हवं आहे, तीन तासांचं एक १ पर्यंत, एक तासाचं दीडपर्यंत आणि आणखी एक तासाचं २ पर्यंत. मुदतीच्या क्रमाने गेलात तर पहिली दोन वेळेत होतात, तिसरं दोनला संपतं आणि चौथं तीनला. दोन मुदती चुकल्या. मूर यांनी १९६८ मध्ये मांडलेली रीत सांगते: मुदतीच्या क्रमाने घेत चला आणि ज्या क्षणी एखादं काम उशिरा होणार असं दिसेल, तेव्हा आतापर्यंत घेतलेल्यांपैकी सगळ्यात लांबलचक काम बाजूला काढा. तीन तासांचं काम शेवटी टाकलं की बाकीची तिन्ही बारापर्यंत संपतात आणि एकच मुदत चुकते. बाजूला पडणारं काम सगळ्यात महागाचं असेल तर अर्थातच हे करू नये. तो निर्णय माणसाचा. सॉफ्टवेअरने तो विचारावा. आज कुठलंही ॲप मला असं म्हणत नाही की ‘हे सगळं आज होणार नाही, यातलं कोणतं सोडू?’ मला तो प्रश्न हवा आहे.

म्हणून ॲप बनवणाऱ्यांना माझं सांगणं: मोठ्या खंडानंतर कुणी परत आलं, तर त्याला लाल ढिगासमोर उभं करू नका. पहिल्या पडद्यावर फक्त ती कामं दाखवा, जी अजून वाचवता येतात आणि आज केली नाहीत तर कडा येतो. ती ‘आज’ची असोत की थकलेली. त्याखाली रोज खर्च वाढवणारी. मग सरकणारी, चुकलेल्या फेऱ्यांच्या क्रमाने, प्रत्येकाची एकच ओळ. विरून गेलेली कुठेच नाहीत. संगणकांनी स्वतःपुरता हा धडा केव्हाच घेतला आहे. युनिक्सचा क्रॉन ठरल्या वेळी यंत्र बंद असेल तर ते काम सोडून देतो. त्याच्या जोडीला आलेला ॲनाक्रॉन यंत्र सुरू झाल्यावर राहिलेलं काम करतो, पण रोजचं काम पाच दिवस राहिलं असलं तरी एकदाच.

वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी आणखी. एखादं काम तुम्ही पुन्हा पुन्हा स्नूझ करत असाल तर ते आळसाचं लक्षण आहे असं लगेच मानू नका. मागच्या आठ-दहा वेळा ते काम प्रत्यक्षात किती दिवसांनी झालं ते पाहा. ‘दर आठवड्याला फ्रिज पुसणे’ खरोखर दर सतरा दिवसांनी होत असेल आणि फ्रिज स्वच्छच असेल, तर अंतर पंधरा दिवस करा. खोटं अंतर ठेवलं की यादी कायम लाल राहते, आणि कायम लाल असलेल्या यादीकडे डोळा सरावतो. मग त्यात खरोखर लाल असलेली ओळही दिसेनाशी होते. औषधं, लशी आणि कायद्याच्या तारखा मात्र यातून वगळा. तिथे अंतर आपल्या सवयीने ठरत नाही.

दुसरी गोष्ट सुटीवर जाण्याआधी करायची. ॲपला ‘सुटी’चं बटण असेल तर ते सगळ्या कामांना सरसकट लावू नका. कुंड्यांचं काम त्या दिवसांपुरतं शेजाऱ्यांच्या नावे करा. फ्रिज, फिल्टर, केस कापणं थांबवा. गोळी चालू ठेवा, कारण ती सोबत येते. आणि ज्यांची मुदत तुम्ही बाहेर असताना किंवा परतल्या दिवशी संपते, ती कामं निघायच्या आधीच्या तारखेला आणून ठेवा. पुढच्या गणपतीसाठी मी टीडीएसचं काम तीन दिवस अलीकडे ओढून ठेवलं आहे, आणि विम्याची घंटा श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी वाजेल.